चारशे तीस पावलं

...तर मग साडूने दूधवाल्याला फाटकातच उभं केलं आणि म्हणाला, "तुझ्या मापाने तू घातलंस, ते ठीक. आता तेच दूध माझ्या मापात ओत आणि मला दाखव." काल इथवर आलो होतो आपण, आणि तेवढ्यात जेवायची हाक आली. पुढे काय झालं, तर दूध भरलं बरोबर. थेंबभर कमी नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जा बाबा, माझंच चुकलं. साडू काय म्हणाला? "आज बरोबर भरलं, म्हणजे मी मोजणार हे तुला आधी कळलं होतं. कोणी सांगितलं?" दूधवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जंगल खात्यात मोजणीदार होता. लोक त्याला शंकासुर म्हणत, अर्थात पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं, कारण पाठीमागचं बोलणं त्याला समोरच्यापेक्षा लवकर ऐकू यायचं. मी शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनं आणि कापायचं टेबल, एवढंच दुकान. साडूच्या पँटी मीच शिवायचो. कापड आणताना तो मोजून आणायचा, पँट नेताना विचारायचा, "भाऊ, चिंध्या कुठे आहेत?" मी म्हणायचो, "केरात." मग तो केराच्या टोपलीत वाकून बघायचा. माझ्यावर संशय नव्हता हो त्याचा. तो म्हणायचा, "तुमच्यावर नाही भाऊ, कात्रीवर आहे."

त्याचं काम असं होतं. वर्षातून एकदा, पानगळ संपली की जंगलाचा एकेक तुकडा मोजायचा. आमच्याकडचं जंगल माझ्या आजोबांच्या वेळी सलग होतं म्हणे. मी पाहिलं तेव्हा त्याचे अकरा तुकडे झालेले. मधे शेतं, मधे वीटभट्टी, मधे विजेच्या तारांचा पट्टा. त्यातले दोन मोठे तुकडे, एक वरचा आणि एक खालचा, एका चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेले होते. वर डोकं, खाली धड, म्हणून त्या पट्ट्याला सगळे मान म्हणायचे. प्राणी, पाखरं, बिया, जे काही वरून खाली जायचं, ते या मानेतून जायचं. म्हणून तिची रुंदी किती, याला खात्यात फार महत्त्व.

झाडाझुडपांत टेप अडकतो, झोळ पडतो, काट्यांत फाटतो. म्हणून जुनी रीत पावलांची. मोजणीदार कामावर रुजू झाला की त्याचं पाऊल मोजत. ऑफिसच्या व्हरांड्यात भिंतीवर पितळेच्या दोन खुणा होत्या, मधे बरोबर पन्नास मीटर. साडूला त्यासाठी सदुसष्ट पावलं लागली. म्हणजे एक पाऊल पाऊण मीटरचं. हे त्याने वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं, आणि मग दर वर्षी जितकी पावलं भरतील त्यांना पाऊणने गुणून मीटर काढायचे. डाव्या खिशात दहा गारगोट्या ठेवायचा. शंभर पावलं झाली की एक उजव्या खिशात. मधे कोणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. एकदा मी बरोबर होतो, तेव्हा पायाखाली साप आला. हा एक पाय वर धरून बगळ्यासारखा उभा. साप निघून गेला, यानं पाय खाली टेकवला आणि म्हणाला, "दोनशे अठरा." मी तोवर जवळच्या झाडावर होतो.

जगातल्या कुठल्याच गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता, पण त्या वहीवर होता. मानेच्या कडेला एकाचं शेत होतं, त्याला सगळे बांधकोऱ्या म्हणायचे, कारण नांगरताना दर वर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, शेजाऱ्याच्या हद्दीत जास्त घालायची त्याला सवय. साडूची खात्री की हा जंगलही कोरतोय. दर वर्षी मोजणीच्या आधी साडू त्याच्या बांधावर उभा राहून त्याच्याकडे असा बघायचा की त्याच्या बैलांनी मान खाली घालावी. मग मोजणी व्हायची, आणि मान गेल्या वर्षीपेक्षा एखाददोन पावलं जास्तच भरायची. "बघा," बांधकोऱ्या म्हणायचा, "उलट मीच जंगलाला जागा देतोय." साडू दात आवळून आकडा लिहायचा. बारा वर्षं त्याने त्या माणसावर संशय घेतला आणि बारा वर्षं स्वतःच्याच वहीने त्याला निर्दोष सोडलं.

पहिल्या वर्षी मान होती चारशे बारा पावलं, म्हणजे तीनशे नऊ मीटर. बाराव्या वर्षी चारशे तीस पावलं, म्हणजे तीनशे बावीस मीटर. बाकी सगळीकडे जंगल आटत होतं आणि आमची मान वाढत होती. खात्याने त्याला प्रशस्तिपत्र दिलं. माझ्या मेहुणीने ते काच लावून बाहेरच्या खोलीत टांगलं, दारातून आत येणाऱ्याला आधी तेच दिसावं अशा बेताने.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. त्या वर्षी मानेच्या कडेने रस्ता काढायचं ठरलं. पलीकडच्या वस्तीला जायला सगळा वळसा घालून तीन तास लागायचे, दोन बस बदलून. रस्ता झाला की चाळीस मिनिटं. रस्त्याला जंगलातली तीस मीटर रुंदी जाणार होती, आणि खात्याचा नियम असा की मान अडीचशे मीटरच्या खाली गेली तर परवानगी नाही. साडूच्या साहेबांनी वही उघडली. तीनशे बावीस वजा तीस, दोनशे ब्याण्णव. नियमात बसतंय. सोमवारी बैठक, तिथेच सही करायची असं ठरलं.

मेहुणीला तर आभाळ ठेंगणं झालं. तिची लेक पलीकडच्या वस्तीत दिलेली, नात आठ महिन्यांची. "भाऊजी," ती मला म्हणाली, "आता सकाळी जाऊन दुपारच्या आत घरी. ह्यांच्या पावलांनी एवढं एक काम चांगलं केलं बघा." साडू कोपऱ्यात बसून बूट पुसत होता. तोही खूश होता, म्हणजे त्याच्या परीने. म्हणाला, "सगळं सरळ चाललंय. मला हे पटत नाही."

आणि बैठकीच्या आधीच्या आठवड्यात ती बाई आली. दूरच्या संस्थेतली संशोधक, डोक्यावर मोठ्या काठाची टोपी, म्हणून आम्ही तिला टोपीवाली म्हणायला लागलो. जंगलाचे तुकडे झाल्याने आत काय बदलतं, हे ती मोजत हिंडत होती. तिच्याकडे हातात मावेल एवढं यंत्र होतं, ते वरच्या उपग्रहांशी बोलून आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं. तिच्या सदऱ्याचा खिसा काट्यात फाटला म्हणून ती माझ्या दुकानात आली, आणि साडू तिच्यावर नजर ठेवायला तिच्या मागोमाग.

मी विचारलं, "बाई, जंगल तेवढंच असेल तर तुकडे झाले म्हणून काय बिघडतं? एकूण झाडं तेवढीच ना?"

तिने टेबलावरचं कापड उचललं. "काका, हे एक मीटर कापड. याचे चार तुकडे केले तर कापड कमी होईल?"

"कापड नाही कमी होणार," मी म्हणालो, "पण कडा दुप्पट होतील. आणि कडेचे धागे सुटून दशा निघतील."

"मग झालं तर. जंगलाच्याही दशा निघतात. कडेला ऊन लागतं, वारा आत शिरतो, जमीन वाळते, मोठी झाडं उन्मळतात. आमच्या मोजणीप्रमाणे इथे कडेपासून साधारण शंभर मीटर आतपर्यंत हे होतं. त्याच्याही आत जे उरतं, ते खरं जंगल. पट्टा दोनशे मीटरचा असला तर शंभर इकडून गेले, शंभर तिकडून गेले, आत उरलं काय?"

"नुसत्या दशा," मी म्हणालो. चाळीस वर्षं कापड कापतोय, मला हे एका झटक्यात कळलं, आणि मला इतका आनंद झाला की खिसा शिवल्याचे पैसेच घ्यायचे विसरलो.

साडू दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "मान किती भरली तुमच्या त्या डबीत?" त्याने विचारलं.

"दोनशे अडुसष्ट मीटर," ती म्हणाली. "दाट झाडीखाली यंत्र पाच-दहा मीटर चुकतं, तेवढं इकडे-तिकडे धरा."

साडू हसला. फार क्वचित हसायचा तो. "चुकतं हे तुम्हीच म्हणालात. वहीत तीनशे बावीस आहे. जे दहा चुकतं ते चौपन्नही चुकेल."

"टेप लावून मोजू या का, काका? दोन माणसं आणि एक दिवस लागेल."

"साहेबांना विचारा."

तिने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, बारा वर्षांची वही असताना टेप कशाला, आणि सोमवारच्या आत माणसं कुठून आणू. साडूला हे सांगताना तिने आणखी एक विचारलं. "काका, तुमच्या वहीत शेवटच्या रकान्यात तुम्ही शीळ लिहिता ना? ती मानेतली शीळ पाच वर्षांपासून 'नाही' अशी आहे. मान रुंद झाली तर पाखरू का गेलं?"

हे पाखरू म्हणजे मातकट रंगाचं, मुठीएवढं. जमिनीवर, पानांच्या ओल्या थरात घरटं करतं आणि सकाळी लांब शीळ घालतं. उघड्यावर येत नाही. दोन तुकड्यांच्या मधे एखादं शेत आलं तर ते ओलांडायची त्याची छाती होत नाही.

साडू म्हणाला, "पाखराच्या मनात काय येईल ते मी कसं सांगू?" पण त्याचा चेहरा उतरला. तो संशय त्याच्या पोटात गेला आणि तिथेच बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे हजर. "भाऊ, चला. मानेत जाऊन येऊ."

वाटेत त्याने सगळ्यांना एकेक करून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. टोपीवाली रस्त्याच्या विरोधातल्या लोकांनी पाठवलेली असणार. नाही तर साहेबांनी तिला मुद्दाम आणलं असणार, आपली वही खोटी ठरवून आपल्याला चार महिने आधी निवृत्त करायला. नाही तर बांधकोऱ्याने तिला चहा पाजला असणार.

"बांधकोऱ्या तिला कशाला चहा पाजेल?" मी म्हणालो. "रस्ता झाला तर त्याच्याच शेताचा भाव वाढणार. त्याला मान रुंद भरलेलीच हवी."

साडू थबकला. "तेच तर. मग तो इतकी वर्षं आनंदात का होता?"

मानेच्या आत शिरलो. मला बारा वर्षांपूर्वीची मान आठवत होती. भर दुपारी आत गेलं तर अंधारल्यासारखं, पायाखाली ओल्या पानांची गादी, आवाजच नाही पावलाचा. आता पानं चुरचुर वाजत होती. मधोमध गवत उगवलं होतं, शेतातलं गवत, उन्हाशिवाय न येणारं. तीन मोठी झाडं वाऱ्याने आडवी झालेली. कडेच्या झाडांवर वेल इतके की खोड दिसेना. कावळे होते, आणि कावळे ओरडतात तिथे जमिनीवरचं घरटं टिकत नाही.

आम्ही अर्धा तास गप्प बसलो. शीळ आली नाही.

साडूने खाली वाकून मूठभर माती उचलली, ती बोटांमधून पिठासारखी गळाली. "मान वाढली," तो म्हणाला, "आणि आत सगळं कडेसारखं झालं. या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. कोणीतरी खोटं बोलतंय."

"माती तर बोलत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच तिच्यावर जास्त विश्वास बसतो."

परत येताना तो पुढे, मी मागे. म्हणजे मला वाटलं तसं. थोड्या वेळाने पाहिलं तर मी पुढे आणि तो मागे, आणि मी तर रमतगमत चाललो होतो. मला दमा आहे. पूर्वी त्याच्याबरोबर चालायचं म्हणजे मला धावावं लागायचं, आणि तो पुढे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. मी याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मला भूक लागली होती.

घरी आलो. बैठकीला घालायची पँट त्याने आठवड्यापूर्वी माझ्याकडे टाकली होती, म्हणाला ती देऊन टाका. मी ती उलटी करून शिवणी तपासत होतो, सवयीने. पँटीच्या दोन पायांच्या मधे चारी शिवणी एकत्र येतात, त्या जागेला आम्ही शिंपी आसन म्हणतो. साडूच्या पँटींचं आसन म्हणजे माझं कायमचं गिऱ्हाईक. लांब टांगा टाकणारा माणूस, वर्षात दोनदा तरी तिथे उसवायचं, मी दुहेरी दोऱ्याने शिवून द्यायचो.

"काय रे, आसन बघू," मी म्हणालो. "अरे, यंदाही धड आहे. गेल्या वर्षीही नव्हतं उसवलं."

झालं. त्याचे डोळे बारीक झाले. "म्हणजे पूर्वी तुम्ही कच्चा दोरा वापरत होतात."

"कसला कच्चा? दोरा तोच, मशीन तेच, हातही हाच."

"मग पूर्वी का फाटायचं आणि आता का फाटत नाही?"

"मला काय विचारतोस," मी म्हणालो. मला रागच आला, चाळीस वर्षांत कोणी माझ्या दोऱ्याला नावं ठेवली नव्हती. "तुझ्या टांगा तेवढ्या पडत नाहीत आता, म्हणून फाटत नाही. आज तर मी दम्याचा माणूस तुझ्यापुढे चालत होतो."

मी बोलून गेलो आणि पुन्हा शिवण बघायला लागलो. मग वर पाहिलं. साडू पँटीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत नव्हता. खाली स्वतःच्या पायांकडे बघत होता, आणि ते बघणं मी ओळखत होतो. बारा वर्षं बांधकोऱ्याकडे तो असाच बघत आला होता.

"भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमची फीत घ्या."

ऑफिसात तेव्हा जेवणाची सुट्टी होती, व्हरांड्यात कोणी नव्हतं. पितळेच्या खुणा काळ्या पडल्या होत्या, मी रुमालाने पुसल्या. साडू पहिल्या खुणेशी उभा राहिला, मान ताठ. मी म्हणालो, "मुद्दाम लांब टाकू नकोस आणि मुद्दाम आखूडही टाकू नकोस. जंगलात चालतोस तसं चाल."

"मी मोजणार नाही," तो म्हणाला. "माझ्यावर माझा विश्वास नाही. तुम्ही मोजा."

मी मोजली. एक्क्याऐंशी. तो म्हणाला, तुम्ही चुकलात. पुन्हा चालला, एक्क्याऐंशी. पुन्हा चालला, ब्याऐंशी, कारण तेव्हा गुडघा धरला. मग मी जमिनीवर गुडघे टेकून माझ्या फितीने त्याचं एकेक पाऊल मोजलं, टाचेपासून टाचेपर्यंत, जसा गिऱ्हाइकाचा पाय मोजतो. बासष्ट सेंटीमीटर. कुठे एकसष्ट, कुठे त्रेसष्ट.

तो खुणेखालीच भिंतीला पाठ टेकून बसला आणि बोटांनी हवेत गुणाकार करायला लागला. चारशे तीस गुणिले बासष्ट. मला जमत नव्हतं, मी सातवीपर्यंतच शिकलेला. त्यानेच सांगितलं.

"दोनशे सहासष्ट."

टोपीवालीचा आकडा होता दोनशे अडुसष्ट.

"वर्षाला एखाददोन पावलं वाढत होती," तो म्हणाला. "मी म्हणायचो, जंगल वाढतंय. मी म्हातारा होत होतो भाऊ. जंगल आटत होतं, पण पाय त्याच्यापेक्षा जोरात आखडत गेले, म्हणून आकडा वाढतच राहिला. त्रेचाळीस मीटर खाल्ले त्याने, बांधकोऱ्याने, दोन्हीकडच्या शेतवाल्यांनी, वाऱ्याने, आणि मी दर वर्षी सही करून त्यांना पावती दिली."

"पाऊल दर वर्षी मोजायचं असतं का?" मी विचारलं.

"दर पानगळीला. पहिल्या पानावरच छापलेलं आहे, लाल शाईच्या वर. मी दुसऱ्यांची पावलं दर वर्षी मोजून घेतली. एकाची तर दोनदा."

त्या संध्याकाळी त्याने मेहुणीला सगळं सांगितलं. मी बरोबर होतो, मला त्यानेच नेलं होतं, साक्षीदार म्हणून की ढाल म्हणून ते मला अजून कळलेलं नाही. मेहुणी भाजी निवडत होती, ती निवडायची थांबली.

"म्हणजे रस्ता नाही?" ती म्हणाली.

"दोनशे सहासष्ट वजा तीस, दोनशे छत्तीस. नियमात बसत नाही."

"हे तुम्हाला कळलंय. साहेबांना कळलंय का?"

"टोपीवाली म्हणते आहे, पण साहेब तिचं ऐकत नाहीत. वहीचंच ऐकणार."

"मग गप्प बसा ना," ती म्हणाली. "चार महिने राहिलेत तुमचे. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतलात, आता म्हातारपणी स्वतःवरच. लोक काय म्हणतील? म्हणतील बारा वर्षं पैसे खाऊन खोटं लिहीत होता. आणि ती पोरगी तिकडे, ते बाळ मला ओळखेनासं होईल."

साडूने भिंतीवरचं प्रशस्तिपत्र काढलं, त्याच्या मागची धूळ पुसली, आणि पुन्हा तिथेच लावलं. मला वाटलं, पठ्ठ्या गप्प बसणार. तसं झालं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. मीही मेहुणीच्या बाजूचा होतो, खरं सांगायचं तर. नात मलाही बघायची होती.

जाताना मेहुणीने मला फाटकात गाठलं. "भाऊजी, तुम्ही कशाला ती पँट उलटी करून बघितलीत?" एवढंच म्हणाली, आणि पुढचे तीन महिने माझ्याशी धड बोलली नाही.

सोमवारी बैठकीची खोली भरलेली. लांब टेबल, एका टोकाला साहेब, त्यांच्यासमोर परवानगीचा कागद आणि उघडं पेन. एका बाजूला रस्त्याचा ठेकेदार आणि बांधकोऱ्या, धुतलेल्या कपड्यांत. दुसऱ्या बाजूला टोपीवाली, आज टोपीशिवाय, हातात कागदांची चळत, आणि चेहरा असा की आपलं कोणी ऐकणार नाही हे तिला माहीत आहे. मी मागच्या बाकावर, पलीकडच्या वस्तीतल्या लोकांबरोबर. साडू ती पँट घालून आला होता.

साहेब म्हणाले, "मोजणीदार, तुमची वही. मानेची रुंदी वाचा, म्हणजे नोंद होईल."

साडू उठला. वही उघडली नाही. म्हणाला, "साहेब, वाचण्याआधी माझं पाऊल मोजून घ्यावं, अशी विनंती आहे. व्हरांडा समोरच आहे."

कोणाला काही कळेना. ठेकेदार हसला. मग साडूने सांगितलं, एकेक करून, अगदी तो दुसऱ्यांना तपासायचा तसं: तेव्हा सदुसष्ट, आता एक्क्याऐंशी, पाऊल बासष्ट, मान दोनशे सहासष्ट. टोपीवालीने कागदातून डोकं वर काढलं. बांधकोऱ्या म्हणाला, "आता हे नवीन काय काढलंस? बारा वर्षं मी बरोबर होतो म्हणून लिहिलंस की तूच."

"लिहिलं," साडू म्हणाला. "तुझ्यावरचा माझा संशय खरा होता. माझ्यावर घ्यायचा तेवढा राहून गेला."

साहेबांनी स्वतः व्हरांड्यात उभं राहून पावलं मोजून घेतली. ब्याऐंशी आली, कारण साडूचा गुडघा पुन्हा धरला. साहेब परत येऊन बसले, पेनाला टोपण लावलं, आणि चष्मा काढला. रागावलेले होते, ते दिसत होतं. ही वही वरपर्यंत गेली होती, तिच्यावर भाषणं झाली होती. मग त्यांनी हळूच विचारलं, आणि खोलीतल्या सगळ्यांच्याच मनात तोच प्रश्न होता, "मग या बारा वर्षांच्या वहीतलं खरं काय धरायचं, मोजणीदार? की सगळीच फाडून टाकायची?"

साडूने वही दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर सरकवली आणि म्हणाला:

"फाडू नका, साहेब. पावलं एकूण एक खरी आहेत, चारशे तीस म्हणजे चारशे तीसच टाकली मी. फक्त ती एका म्हाताऱ्याची होती आणि वहीत तरुणाची म्हणून लिहिली गेली. तेवढं दुरुस्त करा, दोन माणसं आणि टेप द्या, आणि टेपचं दुसरं टोक या बाईंच्या हातात द्या, माझ्या नको."